भंगाराच्या वाटेवरची सुतारयंत्रे

कोणतेही यंत्र केवळ जुने झाले म्हणून संग्रहणीय ठरत नाही. ते ज्या कामासाठी निर्माण झाले ते काम जगात अद्याप चालू आहे, ते काम करण्याची त्या यंत्राची पात्रता अभंग आहे, आणि तशाच तोलाचे नवे यंत्र एक तर बाजारात मिळत नाही किंवा सामान्य कारागिराच्या ऐपतीबाहेरचे आहे, अशी तिहेरी परिस्थिती एकवटते तेव्हाच त्याच्या शोधाला छंदाच्या पलीकडचा अर्थ प्राप्त होतो. लाकूडकामाच्या जुन्या यंत्रांच्या बाबतीत ही परिस्थिती गेल्या काही दशकांत इंग्लंड आणि अमेरिका या दोन देशांत पूर्णपणे जुळून आली असून, साधारणतः १८८० ते १९७० या कालखंडात बिडात ओतल्या गेलेल्या करवती, रंधे, लेथ आणि खाच पाडणारी यंत्रे शोधून काढणाऱ्या, त्यांची दुरुस्ती करून ती पुन्हा कामाला लावणाऱ्या हौशी व व्यावसायिक लोकांचा एक स्वतंत्र वर्ग तेथे उभा राहिला आहे. ही यंत्रे येतात कोठून, त्यांची पारख कशी करावी, ती घेतल्यावर त्यांचे काय करावे, आणि आपल्याकडे या विषयाला काही स्थान आहे की नाही, या प्रश्नांचा हा आढावा आहे. माझ्या मते या संपूर्ण व्यवहाराची किल्ली एकाच गोष्टीत आहे: जुन्या यंत्राची किमान किंमत आणि त्याचे उरलेले आयुष्य या दोहोंचा निकाल भंगाराच्या काट्यावर लागतो. संग्राहकाचा खरा प्रतिस्पर्धी ओतशाळेची भट्टी हाच असल्यामुळे त्याच्या अंगी यंत्राच्या ज्ञानाइतकीच तत्परता, वजन उचलण्याची सिद्धता आणि कागदपत्रांची शिस्त असावी लागते.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगून पुढे जाणे इष्ट आहे. लाकूडकामाच्या यांत्रिकीकरणाला पहिली मोठी चालना मिळाली ती इंग्लंडच्या आरमाराच्या गरजेतून. सॅम्युअल बेंथम याने १७९१ आणि १७९३ साली घेतलेल्या पेटंटांमध्ये सुतारकामातील अनेक क्रियांची यांत्रिक तत्त्वे नमूद होती. त्यानंतर पोर्टस्मथच्या गोदीत मार्क ब्रुनेलच्या योजनेबरहुकूम हेन्री मॉडस्ली याने ४५ यंत्रांचा जो संच बांधला, त्यावर शिडाच्या जहाजांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या तयार होऊ लागल्या, आणि १८०८ सालापर्यंत वर्षाकाठी १,३०,००० कप्प्यांचे उत्पादन, तेही ११० कुशल कारागिरांच्या जागी अवघे दहा साधे मजूर ठेवून, होऊ लागले. त्यांतील काही यंत्रे लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये सुरक्षित आहेत. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने १८२८ साली रंधा-यंत्राचे पेटंट मिळवले आणि मुदतवाढीच्या जोरावर त्याची मक्तेदारी १८५६ सालापर्यंत टिकली; ती संपुष्टात आल्यावर हे क्षेत्र सर्वांना खुले झाले. पट्टा-करवतीची कल्पना इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्येच मांडली होती, परंतु सतत वाकत राहूनही न तुटणारे पोलादी पाते तयार होण्यास एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला आणि ते श्रेय फ्रान्सकडे गेले.

संग्राहकाच्या दृष्टीने खरा काळ सुरू होतो तो यानंतर. सिनसिनाटी येथील दोन प्रतिस्पर्धी कारखाने १८९३ साली एकत्र येऊन जे. ए. फे अँड ईगन ही पेढी निर्माण झाली. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स हे शहर फर्निचरच्या धंद्याची राजधानी असल्यामुळे तेथे १८९० साली जोसेफ ऑलिव्हर याने सुरू केलेल्या कारखान्याला दाराशीच चोखंदळ गिऱ्हाईक लाभले. विस्कॉन्सिनमधील बेलॉइटची यंत्रे, ओहायोमधील लीटोनियाची क्रेसेंट, ग्रँड रॅपिड्सचीच टॅनेविट्झ आणि मिनेसोटातील नॉर्थफील्ड ही नावे आजही लिलावाच्या यादीत दिसली की जाणकार थांबून वाचतो. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या थॉमस रॉबिन्सन या जुन्या घराण्याबरोबरच १८९७ साली लेस्टर येथे स्थापन झालेल्या वॅडकिनने असा लौकिक मिळवला, की तेथील जुन्या पिढीच्या सुतारांच्या बोलण्यात हे नाव उत्तम यंत्राचा पर्याय म्हणूनच येते.

ऑलिव्हर आणि वॅडकिन या दोघांची प्रतिष्ठा मुख्यतः एका विशिष्ट गिऱ्हाइकामुळे वाढली, ते गिऱ्हाईक म्हणजे पॅटर्न मेकर. ओतकामासाठी वाळूत जो साचा उठवायचा त्याची लाकडी प्रतिकृती घडवणाऱ्या या कारागिराला बीड थंड होताना होणाऱ्या आकुंचनाचा हिशेब धरून, साचा वाळूतून अलगद सुटावा इतकाच उतार देऊन, लाकडात धातूकामाच्या तोडीची अचूकता आणावी लागे. त्यामुळे त्याच्यासाठी बांधलेल्या करवतीचे टेबल सरकते, तिरके होणारे आणि अंशांच्या बारीक खुणा कोरलेले असे, आणि तिचा आडपट्टा हाताच्या एका दाबाने जागच्या जागी घट्ट बसे. वॅडकिनची ‘पीके’ जातीची सरकत्या टेबलाची करवत किंवा ऑलिव्हरचा १६६ क्रमांकाचा सर्फेस प्लेनर (लाकडाचा पृष्ठभाग सपाट करणारे रंधा-यंत्र) ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. माझा स्पष्ट अभिप्राय असा आहे की ज्याला एकच जुने यंत्र घ्यावयाचे आहे त्याने इतर सर्व सोडून पॅटर्न शॉपमधून निघालेले यंत्र शोधावे; तेथे काम सूक्ष्म असले तरी मालाचा रेटा कमी असे, यंत्र एका जबाबदार हाताखाली असे, आणि अविरत तीन पाळ्यांत चालून झिजलेल्या फर्निचर-कारखान्यातील यंत्राच्या मानाने त्याची प्रकृती बहुधा कितीतरी चांगली सापडते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला घरगुती कारागिरासाठी निघालेली हलकी यंत्रे येतात. मिलवॉकी येथे हर्बर्ट टॉट्झ याने १९१९ साली सुरू केलेल्या डेल्टा कंपनीने हा बाजार प्रथम खऱ्या अर्थाने काबीज केला. तिने १९३९ साली बाजारात आणलेली ‘युनिसॉ’ नावाची टेबल-करवत अमेरिकेतील असंख्य शाळांत व लहान कारखान्यांत पोहोचली, १९४५ साली कंपनी रॉकवेलच्या मालकीची झाल्यावरही तिचे उत्पादन चालू राहिले, आणि त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. नवख्या माणसाने पहिले पाऊल येथेच टाकावे, कारण हे यंत्र चार माणसांना हलवता येते, सुटे करून समजून घेता येते, आणि फसगत झाली तरी ती खिशाला पेलण्याजोगी असते.

आता ही यंत्रे बाजारात आली कशी, हे पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील शोधाची दिशा त्यावरूनच ठरते. अमेरिकन काँग्रेसने १९१७ साली मंजूर केलेल्या स्मिथ-ह्यूज कायद्यान्वये माध्यमिक शाळांतील धंदेशिक्षणाला संघराज्याच्या खजिन्यातून पैसा मिळू लागला आणि गावोगावच्या शाळांत कारखान्याच्या दर्जाची यंत्रे असलेल्या कर्मशाळा उभ्या राहिल्या; विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अभ्यासक्रमाचा ओढा बदलून त्या कर्मशाळांना कुलुपे लागली तेव्हा पन्नास-साठ वर्षांची, परंतु सुट्ट्या आणि वेळापत्रक यांमुळे फारशी न वापरलेली यंत्रे शाळामंडळांनी मोडीत काढली. दुसरा प्रवाह लष्करी व आरमारी कारखान्यांचा. ब्रुकलिनची आरमारी गोदी १९६६ साली बंद झाली, त्यानंतर इतरही गोद्या बंद झाल्या, आणि त्यांच्या पॅटर्न शॉपमधील अवजड यंत्रे सरकारी विक्रीतून बाहेर पडली. तिसरा आणि सर्वांत मोठा प्रवाह फर्निचर-कारखान्यांचा: चीन २००१ च्या अखेरीस जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाल्यानंतर तेथील शयनगृहाच्या लाकडी सामानाची आयात इतकी वाढली की २००५ साली अमेरिकेने त्यावर प्रतिबंधक शुल्क बसवले, परंतु तोपर्यंत उत्तर कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांतील कित्येक जुने कारखाने बंद झाले होते आणि त्यांची यंत्रसामग्री लिलावात निघाली होती. ओतशाळांचे उच्चाटन आणि संगणकनियंत्रित यंत्रांचे आगमन यांनी पॅटर्न मेकरचा हस्तव्यवसायच मोडीत काढला, हा चौथा प्रवाह.

या चारही प्रवाहांचे मुख एकच आहे, आणि ते म्हणजे जागा मोकळी करून देण्याची मुदत. कारखाना नादार होतो, अवसायक नेमला जातो, इमारतीचा नवा मालक ठराविक तारखेला ताबा मागतो, आणि त्या तारखेपूर्वी जे हलवले गेले नाही ते सरसकट वजनावर भंगारवाल्याच्या हवाली होते. अशा लिलावात लहान, चटकन गाडीत घालता येणाऱ्या यंत्रांना चढती बोली लागते, तर पाऊण-एक टनाच्या ३६ इंची पट्टा-करवतीला कित्येकदा बिडाच्या भावापलीकडे कोणी बोली लावत नाही, कारण ती दुसऱ्या मजल्यावर असते, उचलण्याची लिफ्ट बंद असते, आणि ती उतरवण्याचा खर्च तिच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. जाहीरनाम्यातील शर्ती म्हणूनच बारकाईने वाचाव्यात: बोलीच्या रकमेवर लिलावदाराची टक्केवारी किती, माल हलवण्याची मुदत किती दिवसांची, क्रेन लावण्याची परवानगी आहे की ठराविक ठेकेदारामार्फतच यंत्र काढावे लागेल, विजेची जोडणी कोणी तोडायची, आणि विमा कोणाचा. ज्याला या प्रश्नांची उत्तरे बोलीपूर्वी ठाऊक असतात त्याला यंत्र जवळजवळ फुकट मिळते, आणि ज्याला नसतात त्याचा इसार बुडतो.

लिलावापेक्षाही फलदायी मार्ग म्हणजे माणसांचा. यंत्रे बसवणारा जुना मिस्त्री, करवतीची पाती धार लावणारा दुकानदार, निवृत्त शिक्षक, औद्योगिक वस्तीतील पहारेकरी आणि खुद्द भंगारवाला यांच्याशी ज्याचे संबंध सलोख्याचे आहेत त्याला जाहिरात छापण्यापूर्वीच खबर मिळते. भंगारवाल्याशी वैर धरणारे संग्राहक मी पाहिले आहेत आणि त्यांची भूमिका मला सर्वस्वी चुकीची वाटते. तो वजनाच्या दराने खरेदी करतो, त्याचा नफा ठराविक असतो, आणि बिडाच्या भावापेक्षा थोडी अधिक रक्कम रोख मिळून यंत्र त्याच दिवशी त्याच्या आवारातून हलणार असेल तर ते न फोडता देण्यास तो बहुधा राजी असतो. अट एवढीच की विचारणा घण पडण्यापूर्वी झाली पाहिजे.

प्रत्यक्ष पारख हा या विषयाचा गाभा आहे. समजा, बंद पडलेल्या कर्मशाळेत एक १६ इंची सर्फेस प्लेनर उभा आहे: टेबलावर गंज, वर रंगाचे डबे, खाली वाळलेला भुसा. रंग आणि गंज यांकडे अनुभवी माणूस पाहतच नाही; वरवरचा गंज रॉकेल आणि पत्रीने उतरतो, खोल गंजासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरीच्या प्रवाहाने विद्युत्‌विघटनाची सोय आहे. तो प्रथम शोधतो तो तडा. बिडाला वाकणे ठाऊक नसते, ते तुटते. म्हणून पायांचे कोपरे, टेबल ज्या उतरत्या सरकपट्ट्यांवर चढते-उतरते त्यांच्या कडा, आडपट्ट्याच्या पकडीचे कान आणि बेअरिंगच्या टोप्यांचे बोल्ट यांवरून हात फिरवून, शंका आल्यास रॉकेल चोपडून ते पुसल्यावर रेघ ओली राहते का हे पाहावे. तडा जुना आणि नीट सांधलेला असेल तर किमतीत सूट मागून यंत्र घेण्यास हरकत नाही. बीड तापवून पितळेने केलेला सांधा वर्षानुवर्षे टिकतो. परंतु सरकपट्ट्यांतून गेलेला तडा दिसला तर तेथून निघावे हे उत्तम.

त्यानंतर लांब सरळपट्टी दोन्ही टेबलांवर उभी, आडवी व कर्णावर ठेवून फीलर गेजने फट मोजावी. टेबल मध्यभागी चार-पाच सहस्रांश इंच दबलेले असणे हे वयाचे लक्षण आहे, दोष नव्हे. दोन टेबले एकाच पातळीत येतच नसतील तर मात्र सरकपट्ट्या झिजलेल्या आहेत असे समजावे. मग पट्टा उतरवून कटरचा दंड हाताने फिरवावा आणि वर-खाली उचलून पाहावा. हालचाल जाणवली तर बेअरिंग गेले, पण बेअरिंग बदलता येते. जे बदलता येत नाही ते हरवलेले भाग होत: आडपट्टा, पात्यावरचे झाकण, टेबल उचलण्याचे चाक, कटरच्या पाचरी. एखादा भाग नुसता सुटलेला असेल तर तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, लाकडांच्या ढिगाखाली किंवा मिस्त्रीच्या कपाटात असण्याचा फार संभव असतो, आणि यंत्र हलवण्यापूर्वी अर्धा दिवस केवळ ती झडती घेण्यात घालवावा, असा माझा आग्रह आहे. कुलूप दुसऱ्याच्या हाती गेल्यावर तो भाग कधीच मिळत नाही.

शेवटी नामपट्टी. वॅडकिनच्या पितळी पट्टीवर यंत्राची जात आणि चाचणी क्रमांक कोरलेला असतो. अमेरिकन यंत्रांवर अनुक्रमांक कधी पट्टीवर, कधी थेट टेबलाच्या कडेवर ठोकलेला असतो, आणि जुन्या पेटंटांच्या तारखाही बिडात ओतलेल्या आढळतात. पेटंटाच्या तारखेवरून यंत्र केव्हाचे हे सिद्ध होत नाही, केवळ ते त्यापूर्वीचे नाही एवढे कळते. ही साधी गोष्ट न जाणल्यामुळे १९२० सालचे यंत्र १८९० चे म्हणून विकले जाते. उत्पादकांची जुनी सूचीपत्रे, सुट्या भागांचे तक्ते आणि विक्रीच्या नोंदवह्या हौशी मंडळींनी एकत्र करून जपल्या आहेत, हे या क्षेत्रातील अत्यंत मोलाचे काम होय, आणि ज्या कारखान्यांची दप्तरे इमारतीबरोबर नष्ट झाली त्यांच्या यंत्रांचा इतिहास आता कायमचा अंधारात राहणार आहे.

बेअरिंगांचा प्रश्न थोड्या विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण नवखा माणूस येथेच घाबरून माघार घेतो. १९२० च्या आधीची बहुतेक यंत्रे बॅबिट धातूच्या बेअरिंगांवर चालत. आयझॅक बॅबिट याने १८३९ साली पेटंट घेतलेल्या या प्रकारच्या बेअरिंगांसाठीच्या उत्तम मिश्रणात शेकडा ८९ भाग कथील, साडेसात भाग अँटिमनी आणि साडेतीन भाग तांबे असते. हा मऊ धातू बिडाच्या घरात ओतून त्यात पोलादी दंड तेलाच्या पातळ थरावर फिरतो. झिजलेले बॅबिट पुन्हा ओतणे हे काम अवघड नसून शांतपणे करावयाचे आहे. जुना धातू वितळवून काढावा, घर स्वच्छ करावे, दंडावर दिव्याची काजळी धरावी म्हणजे नवा धातू त्याला चिकटत नाही, दंड आणि घर दोन्ही हात लावता येणार नाही इतके तापवावे, दंडाची उंची व सरळपणा मोजून तो टेकूंवर पक्का करावा, आणि बाजूच्या फटी उष्णतेला टिकणाऱ्या लांबीने बंद कराव्यात. धातूच्या भांड्यात देवदाराची काडी बुडवली असता ती लगेच काळी पडावी पण पेटू नये, हे जुने प्रमाण आहे. अंशांत सांगायचे तर सुमारे सव्वाचारशे सेल्सिअस. ओतताना हात थांबता कामा नये, कारण थांबलेल्या जागी सांध्याची रेघ उमटते आणि बेअरिंग तेथेच फुटते. जवळपास पाण्याचा एक थेंबही असू नये, कारण वितळलेल्या धातूखाली सापडलेल्या ओलाव्याची क्षणार्धात वाफ होऊन धातू उसळतो आणि माणूस आयुष्यभराचा जायबंदी होतो. मग निळी लावून दंड फिरवायचा, जेथे निळी उमटते तेथे खरवडायचे, आणि हे सारखा ठसा मिळेपर्यंत करत राहायचे. अशी बेअरिंगे काढून तेथे बॉल-बेअरिंगे बसवण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी त्यासाठी मूळ बीड कापावे लागत असल्यास मी त्याच्या विरुद्ध आहे. नीट ओतलेले आणि तेल पाजलेले बॅबिट एका माणसाच्या वापरात त्याच्या हयातीत झिजत नाही.

विजेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. कारखान्यातील यंत्रे थ्री-फेज मोटरीवर चालत आणि घरात सिंगल फेज पुरवठा असतो, म्हणून पूर्वी अशी यंत्रे स्वस्त पडत. आता वारंवारता बदलणारी विद्युत्-उपकरणे आवाक्यात आल्यामुळे लहान मोटरींपुरता हा अडसर जवळजवळ नाहीसा झाला आहे. सावधगिरी बाळगायची ती मोटरीच्या दंडावरच करवत बसवलेल्या यंत्रांत: अमेरिकेतील ६० आवर्तनांची मोटर ५० आवर्तनांच्या पुरवठ्यावर जोडली की तिचा वेग एक षष्ठांशाने घटतो, आणि तिचे वेटोळे विशिष्ट आकाराच्या चौकटीत बसत असल्यामुळे बाजारातील दुसरी मोटर तेथे बसत नाही. अशा यंत्राची मोटर जळलेली असेल तर ती पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च आधी विचारावा आणि मगच बोली लावावी.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र जुन्याचे कौतुक आवरते घेतले पाहिजे. जुन्या सर्फेस प्लेनरच्या कटरचा दंड चौकोनी असे; त्याच्या आणि टेबलाच्या कडेमध्ये फिरताना जी मोठी पोकळी निर्माण होई तीत बोटे ओढली जाऊन हात तुटत. गोल दंडात ही पोकळी राहत नाही, जखम झाली तरी ती वरवरची असते. इंग्लंडमध्ये १९२२ साली झालेल्या नियमांनी हाताने लाकूड पुढे सरकवण्याच्या प्लेनरवर गोल दंड बंधनकारक केला तो या अनुभवातूनच. अशा चौकोनी दंडाचे यंत्र आज कोणी संग्रहात ठेवावे, त्याचा अभ्यास करावा, परंतु ते चालवू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ‘मूळ स्वरूप’ या सबबीखाली ते चालते ठेवणाऱ्यांशी माझा वाद आहे. त्याचप्रमाणे जुन्या रंगात शिसे आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव ध्यानात घेऊन कोरडे घासकाम टाळावे.

मूळ स्वरूपाचा हा वाद संग्राहकांत दीर्घकाळ चालू आहे. एका पक्षाला यंत्र कारखान्यातून नुकतेच बाहेर पडल्यासारखे चकचकीत हवे असते. दुसऱ्या पक्षाला त्यावरील प्रत्येक ओरखडा व खडूने लिहिलेला आकडा जपायचा असतो. इंग्लंडमधील डनहॅम मॅसीची पाणचक्कीवर चालणारी लाकूड-गिरणी किंवा न्यूयॉर्क राज्यातील हॅनफोर्ड मिल्स यांसारख्या ठिकाणी यंत्रे मूळ जागी, मूळ शक्तीवर, पट्ट्यांसह चालती पाहता येतात, आणि त्यांचे मोल सुटे करून रंगवलेल्या शंभर यंत्रांपेक्षा अधिक आहे. खाजगी माणसाला एवढे शक्य नाही. त्याने यंत्र कामाला येईल इतकेच दुरुस्त करावे, जे काढले ते जपून ठेवावे, आणि जे बदलले त्याची लेखी नोंद यंत्राबरोबर ठेवावी. चार यंत्रांचे भाग जोडून एक पुरे करणे यात गैर काही नाही. दुरुस्तीची ताकद एका यंत्राची असताना वीस यंत्रे उघड्यावर कुजत ठेवणे हे मात्र गैर आहे, कारण ती वीस यंत्रे दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडली असती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर येथेही ही यंत्रे आली होती आणि गेलीही. रेल्वेच्या डब्यांची अंगे सागवानी असण्याच्या काळात परळ आणि १९१५ साली सुरू झालेल्या माटुंग्याच्या कारखान्यांत अवजड सुतारयंत्रांची गरज होती. १९५५ साली पेरांबूरला पोलादी डब्यांचे उत्पादन सुरू झाल्यानंतर ही गरज हळूहळू ओसरली. मुंबईच्या अनेक कापडगिरण्यांना स्वतःचा सुतारखाना होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची यंत्रसामग्री मोडीत निघाली तेव्हा मागांचीही कोणाला पर्वा नव्हती, मग करवतींची कोठून असणार? या यंत्रांची मोजदाद कोणी केली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जे उरले आहे ते शोधण्याचे मार्ग आपल्याकडे वेगळे आहेत. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांचा निकामी माल १९६४ साली स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत लिलावात निघतो. त्या याद्यांत सुतारयंत्र स्वतःच्या नावाने क्वचितच येते, ते ‘मिश्र बीड’ किंवा ‘निकामी यंत्रसामग्री’ या शीर्षकाखाली दहा-वीस टनांच्या एकाच ढिगात दडलेले असते, म्हणून पाहणीच्या दिवशी प्रत्यक्ष आवारात जाऊन ढिगात नामपट्ट्या वाचण्याला पर्याय नाही. एवढा मोठा ढीग एकट्याला घेणे शक्य नसल्यामुळे नियमित बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याशी आधीच बोलणी करून त्याने ढीग उचलल्यावर आपल्याला हवे ते यंत्र वजनाच्या दरापेक्षा थोड्या चढ्या भावाने घ्यावे, हा व्यवहार्य मार्ग होय. लाकडाच्या जुन्या वखारींतील मोठ्या पट्टा-करवतींबाबत कायद्याची बाजू आधी तपासावी लागते: सर्वोच्च न्यायालयाने वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्रातील सर्व विनापरवाना सॉ-मिल तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला असल्यामुळे ओंडके चिरणारे यंत्र परवान्याशिवाय बसवणे हा गुन्हा ठरतो, आणि वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करून लेखी उत्तर घेतल्याखेरीज असे यंत्र ताब्यात घेऊ नये. सर्फेस प्लेनर, थिकनेस प्लेनर, लेथ आणि खाच पाडणारी यंत्रे यांपासून आरंभ करणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे आहे. त्यांतही जुन्या तंत्रशाळांच्या कर्मशाळांकडे प्रथम पाहावे, आणि तेथील जडवस्तूंच्या नोंदवहीची, ज्यात यंत्राची खरेदीची तारीख, पुरवठादार आणि किंमत लिहिलेली असते, त्या पानाची प्रत यंत्राच्या पावतीबरोबरच मागून घ्यावी.